बेचाळिशीच्या उंबरठ्यावर: डॉ. श्रीराम लागू आणि १९६९ साल

१९६९ साली कान-नाक-घशाच्या एका सर्जनने वैद्यकी बाजूला ठेवली आणि पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं. वय एक्केचाळीस, बेचाळीसकडे झुकलेलं. पाठीशी पुण्यातली सहा वर्षांची प्रॅक्टिस, त्यानंतर कॅनडा आणि इंग्लंडमधलं पुढचं प्रशिक्षण, मग टांझानियातल्या टाबोरा इथलं काम. आणि समोर मराठी व्यावसायिक रंगभूमी. तिथे नटाला महिन्याचा पगार नसतो, प्रयोगाची ‘नाइट’ मिळते. प्रयोग लागला तर पैसे. नाटक पडलं, पावसाने दौरा रद्द झाला, घसा बसला, तर काहीच नाही.

या सर्जनचं नाव डॉ. श्रीराम लागू. पुढच्या पन्नास वर्षांत काय घडलं ते आपल्याला माहीत आहे, म्हणून १९६९चा तो निर्णय आज अगदी स्वाभाविक वाटतो. ज्या दिवशी तो घेतला गेला, त्या दिवशी त्यात स्वाभाविक काहीही नव्हतं.

मी गेली बरीच वर्षं हौशी कलाकारांच्या तालमी घेतो. दर हंगामात एक तरी मुलगा किंवा मुलगी तालीम संपल्यावर मागे रेंगाळते आणि विचारते, ‘सर, नोकरी सोडू का?’ आणि पाचातले तीन जण पुढच्याच वाक्यात म्हणतात, ‘लागूंनी सोडलीच की!’ म्हणूनच हे प्रकरण नीट उलगडून मांडावंसं वाटलं. लागूंचं उदाहरण चुकीचं मुळीच नाही. पण ते अर्धंच सांगितलं जातं आणि अर्ध्या उदाहरणावर कुणी आयुष्याचा निर्णय घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

उडी नव्हे, अठरा-वीस वर्षांची तालीम

लागूंचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७चा, साताऱ्याचा. वडील डॉक्टर. शिक्षण पुण्यात, भावे हायस्कूल आणि पुढे बी. जे. मेडिकल कॉलेज. नाटकाची गोडी याच कॉलेजात पक्की झाली. बी. जे. मेडिकलचं आणि मराठी नाटकाचं नातं हा खरं तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. जब्बार पटेल आणि मोहन आगाशेही तिथलेच. डॉक्टर होता होता नट किंवा दिग्दर्शक घडवणारी ही जागा पुण्याने कशी काय तयार केली, याचं मला कायम नवल वाटतं.

पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला भालबा केळकर आणि त्यांच्याभोवती जमलेल्या मंडळींनी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन उभी केली. सगळे तिला ‘पीडीए’च म्हणत. लागू तिथे होते. दिवसा रुग्ण, संध्याकाळी तालीम. हौशी संस्थेत पैसा नसतो, पण एक चैन असते: एकच नाटक महिनोनमहिने उलटंपालटं करून बघता येतं. उद्या कंत्राटदाराला प्रयोग द्यायचाय, ही घाई नसते. वाक्य का म्हटलं, इथे का थांबलो, बसलो का, उठलो का, यावर रात्री अकरापर्यंत वाद घालता येतो. पुण्याच्या हौशी नाटकवाल्यांना ही सवय अजूनही आहे, आणि ती मला फार प्रिय आहे.

१९५७ साली पीडीएने वसंत कानेटकरांचं पहिलं नाटक, ‘वेड्याचं घर उन्हात’, रंगमंचावर आणलं. नाशिकचा एक प्राध्यापक नाटककार म्हणून पहिल्यांदा लोकांसमोर येत होता. दादासाहेबांची मध्यवर्ती भूमिका लागूंची होती. आता पुढे बघा. बारा वर्षांनी लागू पूर्णवेळ नट म्हणून व्यावसायिक रंगभूमीवर उभे राहिले, ते ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकातून, आणि तेही कानेटकरांचंच. त्यानंतर तीन वर्षांनी आलेलं ‘हिमालयाची सावली’ पुन्हा कानेटकरांचं. म्हणजे ज्या नाटककाराच्या हाताला धरून हा डॉक्टर व्यवसायात शिरला, त्याच्याशी नातं हौशी मंडळाच्या तालमीच्या खोलीत आधीच जुळलेलं होतं. १९६९ साली ते अनोळखी दार ठोठावत नव्हते. दार आतून उघडणारी माणसं त्यांनी स्वतःच्या कामाने आधीच जोडली होती.

मुंबईत विजया मेहतांची ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था होती. लागू भारतात असतील तेव्हा पीडीएबरोबर रंगायनच्या कामातही असत. प्रायोगिक रंगभूमीचं ते पाणी त्यांनी व्यवसायात येण्याआधीच चाखलं होतं. त्यामुळे व्यावसायिक नाटक म्हणजेच सगळं नाटक, असा त्यांचा समज कधी झालाच नाही. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

वैद्यकी त्यांनी हलक्या हाताने केली असं मात्र अजिबात नाही. परदेशी जाऊन शिकणारा, आफ्रिकेत जाऊन काम करणारा माणूस वेळ ढकलत नसतो. म्हणजे १९६९ साली ज्याचा त्याग झाला, ती न चालणारी प्रॅक्टिस नव्हती. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो. कंटाळवाणी नोकरी सोडणं आणि हातात बसलेलं कौशल्य सोडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच काळात रंगभूमीवर आणखी एक डॉक्टर गाजत होता, दंतवैद्य काशिनाथ घाणेकर. दोघांची तुलना तेव्हाही व्हायची, आजही होते. मला तिच्यात रस नाही. दोघांनी प्रेक्षकाला दिलेलं वेगळं होतं, एवढं पुरे.

पहिली तीन वर्षं

या प्रकरणाचा गाभा १९७० ते १९७२ या काळात आहे. इथे जरा थांबायला हवं.

१९७०. विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ लिहून बरीच वर्षं पडून होतं. त्यातली हिंसा, त्यातली भाषा आणि पैशासाठी एकमेकांचे लचके तोडणारं ते कुटुंब, हे सगळं रंगमंचावर आणायला कुणी धजावत नव्हतं. लागूंनी ते दिग्दर्शित केलं. नुकतीच बांधलेली व्यावसायिक कारकीर्द, घर चालायला हवं, आणि हातात घेतलं ते कुठलाही हिशोबी माणूस टाळेल असं नाटक. सेन्सॉरने बरंच काही कापायला सांगितलं. त्या कुटुंबातल्या माणिकच्या साडीवरच्या रक्ताच्या लाल डागालाही आक्षेप होता. मग डाग निळा झाला आणि प्रेक्षकांना जाहीरपणे सांगण्यात आलं की सेन्सॉरच्या आदेशामुळे हा डाग निळा आहे, आपण तो लाल समजावा. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता. आज्ञा पाळली गेली, आणि त्या निळ्या डागाने प्रेक्षकाच्या डोळ्यांत लालपेक्षा गडद रक्त उभं केलं.

त्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७० रोजी, मुंबईच्या बिर्ला मातोश्री सभागृहात ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला. संस्था धी गोवा हिंदू असोसिएशन, लेखक वि. वा. शिरवाडकर, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर. गणपतराव ऊर्फ अप्पा बेलवलकरांच्या भूमिकेत लागू, आणि त्यांच्या बायकोच्या, कावेरीच्या भूमिकेत शांता जोग.

नाटकाची गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. निवृत्त झालेला मोठा नट जमवलेलं सगळं मुलांच्या नावावर करतो, आधी मुलाच्या आणि मग मुलीच्या घरी राहतो, अपमान गिळतो, चोरीचा आळ येतो, कावेरी जाते आणि अप्पा रस्त्यावर येतात. त्यात ‘किंग लिअर’ची सावली आहे, पण माणसं पूर्ण आपली आहेत. बायकोला ‘सरकार’ म्हणणारा नवरा शेक्सपिअरच्या घरात सापडणार नाही.

आता नटाच्या बाजूने बघू. या भूमिकेत दोन आवाज लागतात. एक बेलवलकरांचा रंगमंचावरचा, जुन्या नाटकांतली स्वगतं फेकणारा, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. दुसरा घरातला: नातीशी खेळणारा, कावेरीपुढे लहान होणारा, सुनेपुढे चाचरणारा. नाटक जसं पुढे जातं तशी या दोन आवाजांमधली भिंत खचत जाते आणि शेवटी बूटपॉलिशवाल्या राजाशी बोलताना अप्पांना स्वतःलाच कळेनासं होतं की आपण कुठल्या नाटकात आहोत. ज्याचा आवाज एकाच पट्टीत अडकला आहे, त्याला ही भूमिका पेलत नाही. मी कितीतरी स्पर्धांमध्ये हौशी नटांना बेलवलकरांची स्वगतं करताना पाहिलंय. बहुतेक जण सुरुवातच वरच्या पट्टीत करतात, आणि मग शेवटाला चढायला जागाच उरत नाही.

ज्याने वर्षानुवर्षं आरसा लावून माणसांचे स्वरयंत्र तपासले, त्याला आवाज म्हणजे स्नायू आणि श्वास आहे हे पुस्तकातून शिकावं लागलं नसणार. हा माझा तर्क आहे, पण त्यांची चित्रमुद्रित दृश्यं लक्ष देऊन ऐकली की तो मला खरा वाटतो. वाक्य संपत आलं तरी श्वास संपलेला नसतो. व्यंजनं स्वच्छ सुटतात. कुजबूजसुद्धा पोचते. बेलवलकर पुढे दत्ताराम, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा दमदार नटांनी केले आणि प्रत्येकाचे अप्पा आपापल्या जागी मोठे होते. तरी मोजपट्टी लागूंचीच राहिली.

१९७२ साली ‘हिमालयाची सावली’ आलं. महर्षी कर्व्यांच्या आयुष्यावर बेतलेले नानासाहेब भानू, आणि त्यांच्या सावलीत आयुष्य काढलेली पत्नी बयो, म्हणजे पुन्हा शांता जोग. याच वर्षी व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला आणि लागू आदर्शवादी मास्तर होऊन पडद्यावर आले. गावाला नीती शिकवणारा मास्तर तमाशाच्या फडात जाऊन पोचतो, तो प्रवास.

आता ही चार कामं एका ओळीत ठेवा. प्रायोगिक रंगभूमीवरचं सर्वांत स्फोटक नाटक, व्यावसायिक रंगभूमीवरची सर्वांत मोठी शोकांतिका, एक चरित्रनाट्य आणि रंगीत तमाशापट. पूर्णवेळ नट झाल्यावरच्या पहिल्या तीन वर्षांत हा माणूस मराठी अभिनयाच्या चारही वाटांवर चालून गेला. १९७४ साली पद्मश्री आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे डॉक्टरकी बाजूला ठेवून जेमतेम पाच वर्षं झाली होती. पण हा वेग पाच वर्षांत आलेला नव्हता. आधीची वीस वर्षं त्यात जमा होती.

नशिबाचा वाटा

नशिबाचा हिशोब मांडला नाही तर हे प्रकरण खोटं ठरेल. १९६९च्या आसपास मराठीत शिरवाडकर, कानेटकर आणि तेंडुलकर एकाच वेळी लिहीत होते. महेश एलकुंचवार आणि गो. पु. देशपांडे पुढे येत होते. लागूंनी एलकुंचवारांचं ‘गार्बो’ दिग्दर्शित केलं, आणि गो. पुं.चं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ स्वतःच्या ‘रूपवेध’ या संस्थेतर्फे केलं. चौकशी समितीसमोर बसलेला एक डावा प्राध्यापक, खुर्च्या, टेबल आणि प्रश्न. नेपथ्याची चमक नाही, गाणं नाही. नुसत्या बोलण्यावर नाटक उभं. असं लिहिणारी माणसं आसपास नसती तर लागूंसारखा नट काय करत बसला असता? कदाचित कौटुंबिक नाटकांतले कर्तबगार वडील. नटाला लेखक मिळावा लागतो, आणि ते त्याच्या हातात नसतं.

स्वतः लागूंनी हे ओळखलं होतं. आत्मचरित्राला त्यांनी ‘लमाण’ हे नाव दिलं. लमाण म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून इकडचा तिकडे नेणारा. लेखकाचा माल प्रेक्षकांपर्यंत पोचवणारा हमाल, ही त्यांनी नटाची करून ठेवलेली व्याख्या. एवढ्या मोठ्या नटाने स्वतःला दिलेली ही जागा मला फार हलवून जाते. त्यात खोटा विनय नाही. मालाची किंमत ज्याला कळते तोच तो इतक्या काळजीने वाहून नेतो.

पडदा: मिळालेलं आणि वाया गेलेलं

हिंदी चित्रपटांत लागू शंभराहून जास्त वेळा दिसले. न्यायाधीश, कमिशनर, डॉक्टर, नायकाचे किंवा नायिकेचे वडील. यातलं बरंचसं काम त्यांच्या कुवतीच्या जवळपासही जाणारं नव्हतं, असं माझं स्पष्ट मत आहे. काही चित्रपटांत तर त्यांचा तो विचार करून घेतलेला विराम कॅमेऱ्याला जड होतो. मात्र याच पैशाने नटाला नाटक निवडायची मोकळीक दिली, हेही खरं. केवळ नाइटवर जगणारा नट ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’सारखं नाटक किती दिवस चालवू शकेल?

अपवाद थोडे आहेत, पण भक्कम आहेत. ‘घरौंदा’ (१९७७) पुन्हा बघा. मुंबईत घर मिळत नाही म्हणून अडकलेलं एक जोडपं, आणि मुलीवर जीव जडलेला तिचा आजारी, विधुर मालक मोदी. तो लवकर मरेल, मग पैसा आपलाच, असा प्रियकराचा हिशोब. या भूमिकेला खलनायक करणं सोपं होतं, बिचारा करणं त्याहून सोपं. लागूंनी मोदीला सभ्य ठेवलं. त्याच्या सभ्यपणामुळेच ती मुलगी आणि प्रेक्षक दोघंही अडचणीत येतात. या कामासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर मिळाला. मृणाल सेन यांच्या ‘एक दिन अचानक’मध्ये (१९८९) एक प्राध्यापक पावसात घराबाहेर पडतो आणि परतच येत नाही. चित्रपटभर घरचे लोक त्याला आठवत राहतात. थोडा वेळ दिसणाऱ्या माणसाची पोकळी पूर्ण चित्रपटाला पुरवायची होती, आणि ती पुरली. रिचर्ड ॲटनबरोंच्या ‘गांधी’त ते गोपाळ कृष्ण गोखले होते.

मराठीत मात्र पडद्याने त्यांचं सोनं केलं. जब्बार पटेलांचा ‘सामना’, लेखन तेंडुलकरांचं. समोर निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव, आणि हे दारूत बुडालेले जुने स्वातंत्र्यसैनिक मास्तर. १९७५च्या बर्लिन महोत्सवात हा चित्रपट गेला. मास्तर शुद्धीत कमी आणि झिंगेत जास्त, पण एकच प्रश्न विचारत राहतो: मारुती कांबळेचं काय झालं? तो प्रश्न प्रत्येक वेळी वेगळ्या वजनाने येतो. आधी कुतूहल, मग चाळा, मग हट्ट, आणि शेवटी त्यात मास्तरचं स्वतःचं गेलेलं आयुष्य उतरतं. माझ्या शिबिरात मी हा चित्रपट दाखवतो आणि मुलांना सांगतो, फक्त हा प्रश्न किती वेळा आणि कसा येतो ते वहीत लिहा. वह्या भरतात.

वैद्यकी खरंच सुटली का?

इथे माझं या प्रकरणाचं वाचन नेहमीपेक्षा वेगळं होतं. लागूंनी दवाखाना सोडला. वैद्यकीची रीत सोडली नाही. पुरावा मागायचा, लक्षणाच्या मागचं कारण शोधायचं, वाटलं म्हणून मानायचं नाही, ही सवय त्यांच्या अभिनयात आहे आणि त्यांच्या सार्वजनिक आयुष्यातही. देव या कल्पनेला आता निवृत्त करायला हवं, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं आणि त्यासाठी टीका झेलली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर ते अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावर गावोगाव जात राहिले, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिले. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नामवंत नटांना जमवून अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग झाले, पैसा उभा राहिला आणि तो पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपर्यंत गेला. लागू त्या खटपटीत पुढे होते.

सत्तरी ओलांडल्यावर मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये, अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली, त्यांनी सॉक्रेटिस केला. त्या वयात एवढं पाठांतर, एवढा वैचारिक मजकूर, आणि दिग्दर्शक आपल्यापेक्षा कितीतरी लहान. प्रश्न विचारण्यासाठी विष प्यायलेला माणूस करायला तोवर त्यांच्याएवढी तयारी कुणाची होती?

तन्वीर हा त्यांचा तरुण मुलगा गेला. धावत्या लोकलवर बाहेरून कुणीतरी भिरकावलेल्या दगडाने तो जखमी झाला होता. लागू आणि त्यांच्या पत्नी दीपाताईंनी त्याच्या नावाने सन्मान सुरू केला, तो रंगकर्मींसाठी. दर डिसेंबरात पुण्यात तो सोहळा होतो. मी दोन-तीनदा मागच्या रांगेत बसलोय. व्हीलचेअरवरून आलेले लागू मंचावरच्या माणसाचं बोलणं मान किंचित कलती करून ऐकत होते, डॉक्टर रुग्णाचं ऐकतात तसे. १७ डिसेंबर २०१९ रोजी, वयाच्या ९२व्या वर्षी, पुण्यात ते गेले.

गेल्या हंगामात आमच्या गटात एक फिजिओथेरपिस्ट मुलगी होती. तिनेही तोच प्रश्न विचारला. मी तिला हो किंवा नाही म्हटलं नाही. एका कागदावर दोन तारखा लिहून दिल्या, १९५७ आणि १९६९, आणि मधल्या बारा वर्षांत तू कुठल्या नाटककाराबरोबर, कुठल्या दिग्दर्शकाबरोबर काम केलेलं असशील ते भरून आण म्हटलं. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. सध्या ती राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकात आहे. क्लिनिक सातला बंद करते, साडेसातला तालमीला येते आणि येताना सगळ्यांसाठी वडापाव आणते.